जुनी रायफल आणि नवे काडतूस



धान निसवू लागला की रानडुकरे बांध्यांत उतरतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. एका रात्रीत अर्धी बांधी लोळवून जातात. अशाच दिवसांत मी लाखनीकडच्या एका गावी तुडतुड्यांची पाहणी करायला गेलो होतो. पाहणी आटोपली, चहा झाला, आणि घरधन्याने कापडात गुंडाळलेली एक रायफल बाहेर आणली. मूळची लष्करी, बोल्ट ओढून चालवायची.

"आजोबांची आहे, साहेब. परवाना माह्या नावानं आहे. पण हिची काडतुसं आता कोठी मिळत नाहीत. एक मिस्त्री म्हणते, आतली जागा जराशी कोरून देतो, मग दुसरं काडतूस बसते. करू का?"

मी शेतीचा माणूस, बंदुकीचा नव्हे. पण माझे मेहुणे लष्करात आर्मरर होते, म्हणजे शस्त्रांचे मिस्त्रीच. त्यांच्याकडून जे ऐकले, ते त्याला सांगितले. आज तुम्हांलाही सांगतो.

काडतूस म्हणजे पितळेची नळकांडी. बुडाला टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. दारू पेटली की तिचा दाब गोळीला पुढे ढकलतो. तेवढाच जोर मागे बोल्टवरही येतो. आणि बोल्टच्या मागे काय असते? तुमचा गाल आणि तुमचा डोळा.

जुनी रायफल नव्या काडतुसाला लावता येत नाही, असे नाही. आपल्याच देशात ते झाले आहे. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात पोलीस व पहारेकऱ्यांसाठी थ्री नॉट थ्री रायफली बदलून ४१० बोअरच्या केल्या गेल्या. नळी आतून गुळगुळीत केली आणि मॅगझिनची जागा लाकडाने बुजवली, म्हणजे एका वेळी एकच बार. त्यासाठी काडतूसही वेगळे काढले.

पुढे १९६२ साली चीनशी युद्ध झाले आणि रायफलींची निकड भासली. त्यानंतर ईशापूरने थ्री नॉट थ्रीच्याच घडणीवर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची रायफल बनवली. तिला २ए आणि पुढच्या सुधारलेल्या नमुन्याला २ए१ म्हणतात. आता गंमत पाहा. थ्री नॉट थ्री म्हणजे ०.३०३ इंच, सुमारे ७.७० मिलिमीटर. नवे माप ७.६२. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी! मग नुसते कोरून भागले का? नाही. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलाद अधिक चांगले घेतले. जुन्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा होती, नव्याला ती नाही. म्हणून रिकामे काडतूस ओढणारा आकडा बदलला आणि मॅगझिनही बदलले. म्हणजे सांगाडा ओळखीचा राहिला, पण आतला संसार नवा झाला.

काडतूस आपल्या जागी ठरलेल्या मापात घट्ट बसावे लागते. जागा सैल राहिली तर पितळ फाटते आणि तापलेला वायू मागे येतो. कारखान्यात ही जागा मापाच्या गेजने तपासतात आणि जादा दाबाचे काडतूस उडवून बंदूक पारखतात. कानशीने कोरणाऱ्या मिस्त्रीकडे यातले काय असते? शेतातला पंप चुकीचा जोडून पाहा. पंप फुटला तर पैसे जातील. इथे माणूस जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या मोठ्या काकांची भरमार बंदूक अशीच एका मिस्त्रीने "ठीक" करून दिली होती. मी तेव्हा दहा वर्षांचा. रात्री जागलीवर बार काढला आणि नळी बुडाशी फुटली. काका वाचले, पण उजवा डोळा गेला. पुढे पऱ्हे लावताना ते नेहमी मान एका बाजूला वळवून ओळ पाहत. ते मी अजून विसरलो नाही.

शिवाय कायदाही आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदुकीत असा बदल करायला, इतकेच काय, ती दुरुस्त करायलाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना बदलाची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढवली आहे. आणि रानडुकरावर गोळी झाडायची तर वनखात्याची परवानगी वेगळी.

घरधनी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबांची खूण आहे, साहेब." मी म्हटले, "खूण म्हणूनच राहू दे, भाऊ. तिला कोरू नकोस." पुढच्या महिन्यात त्याने ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा केली आणि शेताला सौर झटका कुंपण घातले. पहिल्या आठवड्यात डुकरे एका कोपऱ्यातून घुसलीच, कारण खालची तार उंच राहिली होती. ती खाली घेतली, तारेला लागणारे गवत काढले, तेव्हा धान वाचला.

तुमच्याकडे अशी जुनी रायफल असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्यालाच विचारा. पिकाची नासाडी झाली तर लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज करा. कुंपणाच्या योजनेची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा. आणि एक विनंती : घरच्या लाईनची वीज तारेत कधीही सोडू नका. त्याने डुकराआधी माणूस मरतो.

धान पुढच्या साली पुन्हा पिकेल, डोळा पिकत नाही.