बंदरावरचा निवारा

२०२३च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला दोन महिने राहून आलो. जून महिना म्हणून बॅगा सुती कपड्यांनी भरल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी समुद्रावरून धुके आले, बोचरा वारा सुटला आणि आम्हाला जावयाची जॅकेटे अंगावर चढवावी लागली.

लेकीचे घर एम्बार्केडेरो या रस्त्यालगत. एका बाजूला खाडी आणि तिच्यावरचा लांबलचक बे ब्रिज, दुसऱ्या बाजूला काचेच्या उंच इमारती. कधीकाळी हा सगळा भाग गोदीचा. जहाजे, गोदामे आणि हमालांची वर्दळ. आता जुन्या धक्क्यांवर हॉटेले आहेत आणि घड्याळाच्या मनोऱ्याच्या फेरी बिल्डिंगमध्ये खाद्यपदार्थांची दुकाने. फजरची नमाज झाली की आम्ही तिथपर्यंत फिरून येत असू.

वाटेत एके ठिकाणी कुंपणाआड मोठ्या तंबूंसारख्या इमारती दिसत. एकदा लेकीला विचारले, "आत काय आहे गं?"

"बेघरांचा निवारा आहे. दोनशे खाटांचा."

"इतक्या चांगल्या वस्तीत?" आमच्या तोंडून पटकन निघून गेले.

ती हसली. "अब्बा, चार वर्षांपूर्वी अख्खी वस्ती हेच विचारत होती."

मग तिने ती हकिकत सांगितली. ही जागा बंदर खात्याची, गाड्या उभ्या करायची. मार्च २०१९ मध्ये तेव्हाच्या महापौर लंडन ब्रीड यांनी तिथे निवारा बांधायचे ठरवले. त्या वर्षीच्या मोजणीत शहरात आठ हजारांवर माणसे बेघर निघाली होती. पण प्रस्ताव जाहीर होताच आजूबाजूचे रहिवासी उठले. मुलेबाळे आहेत, चोऱ्या वाढतील, नशेबाज येतील, घरांच्या किमती पडतील. विरोधकांनी वकिलासाठी वर्गणी मागितली आणि लाखाच्या वर डॉलर जमले. लगेच निवाऱ्याच्या बाजूच्या लोकांनीही वर्गणी सुरू केली आणि ती त्याहून मोठी झाली. सभेत महापौर बोलायला उभ्या राहिल्या, तर लोकांनी त्यांना ओरडून बोलू दिले नाही. एप्रिलमध्ये बंदर आयोगाने मंजुरी दिली. विरोधक कोर्टात गेले. कोर्टाने काम थांबवले नाही आणि डिसेंबर २०१९ मध्ये निवारा उघडला.

लेक सांगत होती आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. कारण अमेरिकेला निघण्याच्या महिनाभर आधीच आमच्या मोहल्ल्यामागच्या बंद शाळेत बेघरांसाठी निवारा करायचे घाटत होते. मोहल्ल्याने विरोधाचा अर्ज केला. त्यात हीच कारणे होती, जवळजवळ याच शब्दांत. त्या अर्जावर आम्हा दोघांच्याही सह्या होत्या.

पुढच्या शुक्रवारी जुम्म्यासाठी जोन्स स्ट्रीटवरच्या मस्जिदीत गेलो. हा टेंडरलॉइनचा भाग. फुटपाथवर माणसे झोपलेली, कोणी ढकलगाडीत सगळा संसार घेऊन बसलेले. जवळच सेंट अँथनीजचे भोजनगृह आहे. १९५० पासून तिथे गरजूंना मोफत जेवण मिळते. त्याच्या रांगेत आमच्या वयाची एक बाई होती. अंगावर स्वच्छ कोट, केस नीट विंचरलेले, हातात पर्स. रांगेत नसती तर आम्ही तिला फेरी बिल्डिंगमधली गिऱ्हाईक समजलो असतो. नशेबाज आम्ही पाहिले, नाही असे नाही. पण अर्जावर सही करताना ही बाई आमच्या डोळ्यांसमोर नव्हती.

लेकीच्या इमारतीत एक वृद्ध शेजारीण राहतात. त्यांनी विरोधाच्या वर्गणीत पैसे दिले होते. एक दिवस लिफ्टपाशी भेटल्या, तेव्हा लेकीने विषय काढला. त्या म्हणाल्या, "मला भीती वाटत होती, ती खोटी नव्हती. आम्ही ओरडलो म्हणून तर अटी लागल्या."

हे बोलणे आम्ही बरोबर घेऊन आलो. अटी खरोखरच लागल्या होत्या. आधी १३० खाटांनी सुरुवात आणि मग हळूहळू वाढ. मुदत चार वर्षांऐवजी दोन, पुढचे पाहून ठरवायचे. परिसरात पोलिसांची जादा गस्त. आत येणाऱ्यांसाठीही विचार केलेला होता. जुन्या पद्धतीच्या निवाऱ्यात नवरा-बायकोला वेगळे करतात, सामान बाहेर ठेवायला लावतात, पाळलेला कुत्रा आणू देत नाहीत आणि सकाळी बाहेर काढतात. म्हणून बरेच जण फुटपाथच पत्करतात. या शहरात २०१५ पासून 'नॅव्हिगेशन सेंटर' नावाचे निवारे आहेत. तिथे जोडीदार, सामान, कुत्रा सगळ्यांसह राहता येते आणि चोवीस तास दार उघडे असते.

परत आलो तेव्हा अर्ज तसाच पडून होता आणि शाळेला कुलूप होते. आम्ही थोडी माहिती काढली. एक लाख लोकवस्तीमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत नऊ लाखांवर बेघर मोजले गेले. म्हणजे निवारा ही नगरपालिकेची मेहरबानी नव्हे.

एका रात्री आम्हाला दादा आठवले. मुंबईच्या गोदीत कामाला गेले तेव्हा त्यांना तिथे घर नव्हते. डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती. वीस-बावीस माणसे पाळीपाळीने झोपायची, ट्रंका भिंतीला लावलेल्या. त्या खोलीतून पाठवलेल्या पैशांवर आमचे घर उभे राहिले. ती खोली आणायच्या आधी शेजाऱ्यांनी अर्ज केला असता तर? जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिर आहे, हे आम्ही दर रमजानला पोरांना शिकवतो. घराच्या मागच्या गल्लीत आलेला मुसाफिर मात्र आम्हाला नको होता.

आम्ही जमातीच्या बैठकीत सह्या मागे घेत असल्याचे सांगितले. गोंधळ झाला. "तुम्ही अमेरिका बघून आलात, आम्हाला इथे राहायचंय," एक चाचा म्हणाले. त्यांचे खोटे नव्हते. आम्ही म्हटले, "राहायचं आम्हालाही इथेच आहे, चाचा. नको म्हणण्याऐवजी कसा हवा ते लिहू." मग नवा कागद घेतला. गल्लीत दिवे. दाराशी रात्रंदिवस चौकीदार. बायकांसाठी वेगळी खोली. आजाऱ्यांसाठी डॉक्टरची फेरी. देखरेखीच्या समितीत मोहल्ल्यातले दोघे, त्यातली एक बाई.

त्या रात्री अकरा सह्या झाल्या. पहिल्या अर्जावर सत्तरच्या वर होत्या. चाचांनी सही केली नाही, पण उठताना कागद पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाले, "चौकीदार एक नको, दोन लिहा."

आम्ही दोन लिहिले.