मन्सूरा, मकरान आणि हर्णै

दोह्यात नवीन आलेल्या मराठी माणसाला मन्सूरा कुठे आहे ते फार दिवस विचारावं लागत नाही. महिन्याभरात कुणीतरी त्याला तिथे जेवायला बोलावतंच. सी-रिंग रोडजवळच्या तीन-चार मजली जुन्या इमारती, खालून जाणाऱ्याच्या टाळूवर नेमकं ठिबकणारं एसीचं पाणी, तळमजल्यावर शिंपी, न्हावी, किराणा आणि करक चहा. आता ग्रीन लाइनचं मेट्रो स्टेशनही आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा ते नव्हतं. पार्किंग मात्र तेव्हाही मिळत नव्हतं, आताही मिळत नाही. असो.

१६ एप्रिल २०१३, मंगळवार. दुपारचे पावणेदोन वाजले असतील. मी वेस्ट बेमधल्या एका टॉवरच्या बऱ्याच वरच्या मजल्यावर ड्रॉइंग तपासत होतो. बाटलीतलं पाणी डुलायला लागलं. मला वाटलं, रक्तदाब! शेजारचा फिलिपिनो सहकारी मात्र एक शब्द न बोलता उठला आणि जिन्याकडे चालू लागला. त्याच्या मागोमाग आम्ही सगळे. जिना उतरताना मला सोलापूरची ती पहाट आठवली. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्रीच्या विसर्जनानंतर झोपलेलं घर आणि वाजणारी भांडी. किल्लारी तिथून फार लांब नाही.

खाली आल्यावर बऱ्याच वेळानं घरचा फोन लागला. सौ. म्हणाली, "कसला भूकंप? अहो, मी पोळ्या करतेय!"

एकच भूकंप, पण टॉवर हलला आणि मन्सूरातली चौथ्या मजल्यावरची पोळी हलली नाही. याचं कारण सोपं आहे. भूकंपाचं मूळ इराणच्या आग्नेय कोपऱ्यात, सरावानजवळ, हजारएक किलोमीटरवर होतं. तीव्रता ७.७. इतक्या लांब येईपर्यंत जलद कंपनं विरून जातात आणि संथ हेलकावे तेवढे उरतात. इमारतीचा स्वतःचा झोका ढोबळमानाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग धरतात. म्हणजे चार मजल्यांना ०.४ सेकंद, चाळीस मजल्यांना ४. संथ हेलकाव्याशी टॉवरचं सूर जुळतं, आमच्या चाळवजा इमारतीचं नाही. म्हणून जुनी इमारत भक्कम असते असं मात्र कुणी समजू नये. मार्च २०२३ मध्ये मन्सूरातलीच एक चार मजली इमारत कोसळली, माणसं गेली, आणि त्या दिवशी भूकंप नव्हता.

पण मला त्या दिवसापासून छळतंय ते वेगळंच. कतार ज्या अरबी भूपट्टावर बसलंय, तो उत्तरेकडे सरकतोय. झाग्रोस पर्वतात जमीन जमिनीवर आदळते. होर्मुझच्या पूर्वेला, मकरानच्या किनाऱ्याशी, अरबी समुद्राचा तळच इराण-पाकिस्तानच्या खाली घुसतो, वर्षाला साधारण २ ते ४ सेंटिमीटर. २०१३चा धक्का सुमारे ८० किलोमीटर खोल होता. खाली गेलेला तो तळच आतल्या आत फाटला. वरचा सांधा, जिथे दोन्ही पट्ट एकमेकांना घासतात, तो तेव्हा सुटला नाही.

तो पूर्वेकडे सुटला होता २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे. तीव्रता ८.१. पाकिस्तानातल्या ओरमाराचा किनारा दोनेक मीटर वर उचलला गेला. समुद्राच्या लाटा सकाळी मुंबईपर्यंत पोचल्या आणि तिथेही माणसं वाहून गेली. पश्चिमेकडच्या, म्हणजे इराणच्या बाजूच्या सांध्यावर यंत्रं आल्यापासून एकही मोठा भूकंप नोंदलेला नाही. तो बिनबोभाट घसरतोय की अडकून बसलाय, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. जमिनीवरची जीपीएस यंत्रं मोजतात, पण सांधा पडला समुद्राखाली. अडकला असेल तर हिशेब करा : वर्षाला २ सेंटिमीटर म्हणजे पाचशे वर्षांत १० मीटर साठले. ते एका दमात सुटले तर?

नकाशा उघडला आणि लक्षात आलं, आपण चुकीच्या घराची काळजी करत होतो. दोहा होर्मुझच्या अरुंद तोंडाआड, उथळ आखातात आहे. मकरानच्या समोर उघडं आहे ते ओमान आणि आपला पश्चिम किनारा. आणि सौ.चं माहेर हर्णैचं, बंदरापासून हाकेच्या अंतरावर.

त्या शुक्रवारी मी सासूबाईंना फोन करून सगळं समजावलं. हैदराबादला २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र आहे, इशारा आला की वर चढायचं. समुद्र एकाएकी फार मागे गेला, तर इशाऱ्याचीही वाट बघायची नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "लिलावाच्या वेळी पाणी मागे गेलं, तर कोळणी टोपल्या घेऊन पुढेच धावतील."

"तेच त्यांना सांगा, आई."

"सांगेन हो. पण मकरानहून लाट यायला वेळ किती लागतो?"

"पंचेचाळीस साली मुंबईला यायला चार तासांहून जास्त लागले होते."

"मग चहा घेऊन निघते," त्या म्हणाल्या, आणि लेकीला फोनवर बोलवायला सांगितलं.