तेन्दो : शोगीच्या मोहऱ्यांचे गाव

टोकियोतील उएनो स्थानकाच्या जवळच ओकाचिमाची ही जवाहिऱ्यांची पेठ आहे. हिरे, माणके आणि मोती यांच्या व्यापारानिमित्त जपानला गेलेली अनेक भारतीय कुटुंबे, त्यांत जैन कुटुंबेही, या पेठेशी परिचित आहेत. याच उएनोहून उत्तरेकडे जाणारी यामागाता शिन्कान्सेन पकडली, की सुमारे पावणेतीन तासांनी तेन्दो नावाचे स्थानक येते. सुमारे साठ हजार वस्तीचे हे शहर डोंगरांच्या कुशीत वसलेले असून, उन्हाळ्यातील चेरीची फळे आणि गरम पाण्याचे झरे यांसाठी त्याची ख्याती आहे. तथापि, जपानी माणसाला तेन्दो म्हटले की प्रथम आठवते ती शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ. जपानात तयार होणाऱ्या शोगीच्या दहा मोहऱ्यांपैकी किमान नऊ या एका गावातून बाहेर पडतात.

गावात पाऊल टाकताच याची साक्ष पटते. स्थानकाच्या इमारतीतच तळमजल्यावर शोगीचे संग्रहालय आहे. टपालपेटीच्या माथ्यावर मोहरा, पुलाच्या कठड्यावर मोहरा, दुकानाच्या पाटीवरही मोहराच. पदपथाच्या फरशांवर शोगीची कोडी कोरलेली आहेत. चालणाऱ्याने क्षणभर थांबावे, राजाला मात कशी देता येईल याचा विचार करावा आणि मग पुढे जावे.

दरिद्री सरदारांचा जोडधंदा

या उद्योगाचा उगम शोधताना एकोणिसाव्या शतकात जावे लागते. त्या काळी तेन्दोवर ओदा घराण्याची सत्ता होती. जपानच्या इतिहासात गाजलेल्या ओदा नोबुनागा यांचे हे वंशज. परंतु पूर्वजांचे वैभव केव्हाच ओसरलेले होते. संस्थान लहान, उत्पन्न तुटपुंजे आणि कर्ज मोठे. पदरी असलेल्या सामुराईंना, म्हणजे वंशपरंपरागत शिपाईगड्यांना, वेतन पुरत नसे. हातात तलवार होती, पण घरात धान्य नव्हते. व्यापार किंवा कारागिरी करावी, तर कुळाला कमीपणा येतो अशी त्या समाजाची दृढ समजूत होती.

अशा वेळी योशिदा दाइहाची या संस्थानच्या कारभाऱ्याने मार्ग काढला. शोगीचे मोहरे घडविण्याची विद्या आपल्या सामुराईंनी शिकावी आणि तो जोडधंदा म्हणून करावा, असा त्यांनी आग्रह धरला. आक्षेप घेणाऱ्यांना त्यांचे उत्तर तयार होते. शोगी हा युद्धनीतीचा खेळ आहे. त्याचे मोहरे घडविल्याने योद्ध्याच्या प्रतिष्ठेला बाध येत नाही. या एका युक्तिवादाने अनेक घरांतील चूल पेटती राहिली. उपाशीपोटी मान सांभाळणाऱ्या माणसाला मान न सोडता कष्ट करण्याची वाट मिळाली.

स्वतः दाइहाचींचा शेवट मात्र करुण झाला. १८६८ साली जपानात सम्राटाचे समर्थक आणि शोगुनचे समर्थक यांच्यात यादवी पेटली. तेन्दोने सम्राटाची बाजू घेतली आणि शत्रुपक्षाने गाव जाळले. पुढे उत्तरेकडील संस्थानांच्या दबावापुढे तेन्दोला नमावे लागले. सगळा दोष दाइहाचींच्या माथी आला आणि त्याच वर्षी त्यांना स्वतःच्या हाताने जीवन संपवावे लागले. नंतर थोड्याच वर्षांत सामुराईंची वेतने कायमची बंद झाली. तेव्हा ज्या घरांनी हाती पटाशी आणि कुंचला घेतला होता, त्या घरांना पोटापाण्याचा व्यवसाय तयार सापडला. गावात लावलेले ते रोप लावणाऱ्याच्या पश्चात वाढले.

एक मूळ, दोन शाखा

आपले बुद्धिबळ आणि जपानची शोगी यांचे मूळ एकच, ते म्हणजे भारतातील चतुरंग. हा खेळ पश्चिमेस इराण आणि अरब देशांमार्गे युरोपात गेला, पूर्वेस आग्नेय आशिया आणि चीनच्या दिशेने पसरत जपानपर्यंत पोहोचला. १९९३ साली नारा येथील कोफुकुजी मंदिराच्या परिसरात झालेल्या उत्खननात लाकडी मोहरे सापडले. त्यांच्यासोबत मिळालेल्या लाकडी पट्टीवर इसवी सन १०५८ शी जुळणारे वर्ष लिहिलेले होते. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वीही शोगीचा मोहरा आजच्यासारखाच पाच कोनांचा होता.

मोहऱ्यांची नावे व्यापारी वाचकांस विशेष रुचतील. राजाचे एक नाव ‘रत्नसेनापती’. त्याच्या दोन्ही बाजूंस सुवर्णसेनापती, त्यांच्या पलीकडे रजतसेनापती, मग सुगंधी वृक्षाच्या नावाचा घोडा आणि शेवटी धूपाच्या नावाचा रथ. रत्न, सोने, चांदी, सुगंधी लाकूड आणि धूप ही यादी रणभूमीपेक्षा सागरी व्यापाऱ्याच्या कोठाराची अधिक वाटते. या नावांमागे त्या काळातील मौल्यवान वस्तूंची कल्पना असावी, असे काही अभ्यासक मानतात.

बुद्धिबळ जाणणारा माणूस शोगी शिकू लागला, की पहिला अडसर लिपीचा येतो. येथे हत्ती, उंट, घोडा अशा आकृती नाहीत. सर्व मोहरे चपट्या लाकडी पाचरीसारखे असतात आणि त्यांवर चिनी अक्षरे लिहिलेली असतात. दोन्ही पक्षांचा रंगही एकच. मोहऱ्याचे टोक ज्याच्या दिशेने वळलेले, तो त्याचा शत्रू. पट ६४ ऐवजी ८१ घरांचा, आणि प्रत्येक पक्षाकडे १६ ऐवजी २० मोहरे असतात. अक्षरे ओळखीची होण्यास आठवडाभर लागतो. म्हणून नवशिक्यांसाठी चालीच्या खुणा छापलेले मोहरेही मिळतात. लहान मुलांसाठी तर अवघ्या १२ घरांचा ‘दोबुत्सु शोगी’ हा प्राण्यांचा खेळ आहे. व्यावसायिक खेळाडू किताओ मादोका यांनी तो २००८ साली रचला. त्यात सिंह हा राजा, आणि पलीकडच्या टोकास पोहोचलेल्या पिलाची कोंबडी होते.

दुसरा अडसर सवयीचा. शोगीत वजीर नाही. हत्तीसारखा लांब धावणारा मोहरा एकच, उंटासारखा तिरका धावणाराही एकच. बाकीचे बहुतेक एकेक घर चालतात आणि त्यांचा ओढा पुढे जाण्याकडे असतो. प्यादे समोर चालते आणि समोरच मारते. घोडा केवळ पुढे उडी घेतो, मागे फिरू शकत नाही. बुद्धिबळाच्या सवयीने घोडा लवकर बाहेर काढणारा नवशिक्या येथे हमखास फसतो. ‘उंच उडणारा घोडा प्याद्याचा घास’ अशी जपानी म्हणच आहे.

हाती आलेला मोहरा

परंतु दोन्ही खेळांतील खरा भेद याहून खोल आहे. बुद्धिबळात मारलेला मोहरा पटाबाहेर जातो आणि परत येत नाही. शोगीत मारलेला मोहरा मारणाऱ्याच्या हाती जमा होतो, आणि आपल्या पाळीला तो चाल म्हणून तो मोहरा जवळजवळ कोणत्याही रिकाम्या घरात आपल्या बाजूने उभा करू शकतो. मोहऱ्यांना रंग नाही, याचे मर्म येथे उलगडते. मोहऱ्याचे टोक फिरवले की कालचा शत्रू आजचा सहकारी होतो.

या एका नियमाने डावाचे सारे गणित पालटते. बुद्धिबळात मोहऱ्यांची अदलाबदल होत जाते तसा पट रिता होतो, आणि अखेरीस दोन राजे व चार प्यादी उरतात. शोगीत ४० च्या ४० मोहरे शेवटपर्यंत खेळातच असतात; भांडवल घटत नाही, त्याचा मालक तेवढा बदलतो. त्यामुळे डाव जसजसा पुढे जातो तसतसा तो अधिक तिखट होतो. आपला मोहरा देताना ‘मला काय मिळाले’ एवढेच पाहून भागत नाही, ‘समोरच्याच्या हाती काय गेले’ हेही पाहावे लागते. पेढीवर बसणाऱ्याला हा हिशेब नवा नाही.

अर्थात, या स्वातंत्र्याला मर्यादाही आहेत. एका उभ्या रांगेत आपली दोन साधी प्यादी ठेवता येत नाहीत. हातचे प्यादे ठेवून थेट मात देता येत नाही. शत्रूच्या बाजूच्या शेवटच्या तीन ओळींत शिरलेला मोहरा उलटवून त्याला बढती देता येते. प्याद्याची बढती सुवर्णसेनापतीच्या चालीइतकी असते. मात्र असे बढती मिळालेले प्यादे मारले गेले, तर शत्रूच्या हाती पुन्हा साधे प्यादेच पडते. म्हणून हे स्वस्तातले सोने कुशल खेळाडूंना फार प्रिय. ‘प्यादी नसलेली शोगी म्हणजे हरलेली शोगी’ ही म्हण लहानांची किंमत सांगणारी आहे.

मोहरे परत येत असल्यामुळे बरोबरीही क्वचितच होते. बुद्धिबळात अव्वल खेळाडूंचे कितीतरी डाव बरोबरीत सुटतात; शोगीत तीच स्थिती चौथ्यांदा आली, तर पाळी बदलून नवा डाव मांडतात. शक्यतांचा हा विस्तार यंत्रालाही जड गेला. बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह संगणकाकडून १९९७ साली हरला. शोगीतील ‘मेइजिन’ हा सर्वांत प्रतिष्ठेचा किताब धारण करणाऱ्या खेळाडूला संगणकाने हरवले ते वीस वर्षांनी, २०१७ साली.

दुसऱ्या महायुद्धानंतरची एक आठवण शोगीपटू मासुदा कोझो सांगत असत. जपानवर अंमल करणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून विचारले, की शोगीत पकडलेल्या सैनिकांना पुन्हा लढायला लावतात, हा युद्धकैद्यांचा छळ नव्हे काय? मासुदांनी उलट उत्तर दिले, की बुद्धिबळात पकडलेला मारला जातो. शोगीत कोणीही मारला जात नाही, प्रत्येकाला त्याच्या मूळ दर्जाचे काम मिळते. उत्तर हजरजबाबी खरेच, पण त्यात या खेळाचा आत्माही आहे.

लाकूड, लाख आणि कुंचला

तेन्दोचे कारागीर साध्या मोहऱ्यांसाठी मॅपलसारखी लाकडे वापरतात. उंची संचासाठी ‘त्सुगे’ नावाचे पिवळसर, घट्ट लाकूड लागते; टोकियोच्या दक्षिणेकडील मिकुरा बेटावरचे त्सुगे विशेष नावाजलेले. लाकडाच्या पाचरी घडवून त्यांवर झाडाच्या चिकापासून केलेल्या ‘उरुशी’ लाखेने अक्षरे लिहितात. तेन्दोची जुनी ओळख म्हणजे कुंचल्याने जलद, वळणदार लिपीत लिहिलेला मोहरा. याशिवाय अक्षरे कोरून त्यांत लाख भरणे, ती पृष्ठभागाशी सपाट करणे, किंवा लाखेचे थर चढवून अक्षर उठावदार करणे, असे चढत्या श्रमाचे आणि चढत्या किमतीचे प्रकार आहेत. मोठ्या सामन्यांत हे उठावदार अक्षरांचे मोहरे वापरतात. १९९६ साली जपान सरकारने तेन्दोच्या मोहऱ्यांना पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

गावच्या दुकानांत एक मोठा मोहरा जागोजागी दिसतो. त्यावर घोड्याचे अक्षर आरशात दिसावे तसे उलटे लिहिलेले असते. याला ‘हिदारी-उमा’, म्हणजे डावा घोडा, म्हणतात. घोड्याला माणूस ओढून नेतो. हा उलटा घोडा माणसांना, म्हणजे गिऱ्हाइकांना, ओढून आणतो अशी श्रद्धा आहे. अक्षराचा खालचा भाग तोंड आवळलेल्या बटव्यासारखा दिसतो, म्हणून आत आलेले धन बाहेर जात नाही, असाही अर्थ लावतात. नवे दुकान उघडले किंवा नवे घर बांधले, की जपानी माणूस आप्तांना हा मोहरा भेट देतो.

एप्रिलमध्ये माइझुरु टेकडीवर चेरीची सुमारे दोन हजार झाडे फुलतात, तेव्हा तेथे ‘मानवी शोगी’ रंगते. भल्या मोठ्या पटावर चिलखते घातलेली माणसेच मोहरे होतात, आणि दोन व्यावसायिक खेळाडू त्यांना चाली सांगतात. १९५६ पासूनच्या या सोहळ्यात एक गोड संकेत पाळला जातो. वेष करून आलेला एकही माणूस डावभर जागीच उभा राहू नये, म्हणून प्रत्येक मोहऱ्याला एकदा तरी चाल द्यायची.

हरलो, असे म्हणण्याची रीत

आज या गावापुढे प्रश्न आहेत. प्लास्टिकचे मोहरे स्वस्त आहेत आणि मोबाइलवर खेळणाऱ्याला मोहऱ्याची गरजच नाही. कुंचला धरणारे हात थोडे उरले आहेत. ती विद्या शिकण्यास वर्षे लागतात. २०१७ साली १४ वर्षांच्या फुजिई सोता यांनी पदार्पणापासून सलग २९ डाव जिंकले आणि २०२३ साली आठही मोठे किताब एकाच वेळी आपल्या नावावर केले, तेव्हा जपानभर मुले पुन्हा पटापुढे बसू लागली आणि तेन्दोच्या दुकानांकडे मागणी वाढली. अशी लाट ओसरते हेही कारागीर जाणून आहेत. म्हणून गावातील मुलांना मोहऱ्यावर अक्षर लिहायला आणि शोगी खेळायला शिकवणे यांकडे ते उद्याची तरतूद म्हणून पाहतात.

मुलांना खेळ शिकवताना पहिला धडा चालीचा नसतो. आरंभी दोघांनी परस्परांना नमस्कार करायचा. मात होण्यापूर्वीच डाव गेला हे ज्याला उमगले, त्याने मान लववून ‘मी हरलो’ असे स्पष्ट शब्दांत म्हणायचे. शोगीतील बहुतेक डाव या शब्दांनी संपतात. त्यानंतर दोघे मिळून तोच डाव पुन्हा मांडतात; कोठे चुकले, काय करता आले असते, याची मोकळी चर्चा करतात. जिंकणारा आपले बेत लपवत नाही आणि हरणारा कारणे सांगत नाही.

पाच-सात वर्षांच्या मुलालाही हे शब्द मोठ्याने उच्चारताना जड जाते, कधी डोळे भरून येतात. पण ते एकदा म्हणता आले, की समोरच्याबरोबर बसून आपल्याच डावाकडे शांतपणे पाहता येते. व्यवहारातील तोटा लपवणारी पेढी आणि तो मान्य करून वहीत स्वच्छ मांडणारी पेढी यांत पुढे कोणती टिकते, हे व्यापारी घरांना सांगावे लागत नाही. दाइहाचींनीही आपल्या माणसांकडून हेच करवून घेतले होते. गरिबी आली आहे हे आधी कबूल केले, आणि मग हाताला काम दिले.