मका, चुना आणि भाकरी

"कोंबड्या किती आहेत तुमच्याकडे?"

महाडच्या बाजारपेठेत दुकानदाराने हे इतक्या सहज विचारलं की मी जवळजवळ "पंधरा" म्हणून टाकणार होतो. मी फक्त दोन किलो वाळलेला मका मागितला होता. पण आमच्याकडे वाळलेला मका एकतर कोंबड्यांना लागतो नाहीतर लाह्यांना, आणि मी काही लाह्यावाला दिसत नव्हतो. "खायला हवाय," म्हटलं, "माणसांना." त्याने पिशवी बांधता बांधता एकदा माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग पानाच्या टपरीवर जाऊन नुसता चुना मागितला. पान नको, तंबाखू नको, फक्त चुना. तिथे तर कोणी काही विचारलंसुद्धा नाही. बहुतेक कीव आली असावी.

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आई अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाबांना चहापलीकडे काही येत नाही (तोही उकळून उकळून काळा). मी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि लॅपटॉप, हेडफोन, पाच शर्ट घेऊन पुण्याहून पोलादपूरला आलो. वरंधा घाट बंद होता, म्हणून ताम्हिणीतून माणगाव गाठून.

स्वयंपाक मला येतो. ह्यूस्टनला आठ महिने ऑनसाइट होतो. तिथे ऑफिसजवळच्या एका मेक्सिकन खानावळीत रोज जाऊन जाऊन त्या मावशींनी मला शेवटी आत बोलावून तोर्तिया कशी भाजतात ते दाखवलं होतं. नंतर पुण्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये दोन इराणी विद्यार्थी राहायचे. इराणी म्हटलं की आपल्याला बनमस्का आठवतो, पण त्यांच्या घरी त्याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या घरी भात असायचा, आणि तो भात हा एक स्वतंत्र विषय आहे. त्यावर येतोच.

पण त्याआधी एक कबुली. ह्यूस्टनहून परत आल्यावर पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा आईने वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली होती. आणि मी, अक्कल गहाण ठेवून, म्हणालो होतो, "आई, आपल्याकडे कधी काही वेगळं का नाही गं करत?" ती काहीच बोलली नाही. पण त्यानंतर मी यायच्या दिवशी पनीर असायचं. दर वेळी पनीर. बिरडं बंदच झालं. मला हे कळायला वर्ष-दीड वर्ष लागलं, आणि कळल्यावर ते दुरुस्त कसं करायचं ते कळेना. कोडमधला बग परवडला, निदान कुठल्या ओळीत आहे ते तरी सापडतं.

असो. मक्याकडे येऊ.

मक्याचं नुसतं पीठ गरम पाण्यात मळून भाकरी थापायला गेलं की कडा चिरतात, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे. मेक्सिकोत तसं करतच नाहीत. तिथे अख्खे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग ओले वाटतात. चुन्याने दाण्यावरचं टरफल सुटतं आणि वाटलेला गोळा एकमेकांना धरून राहतो. शिवाय मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. कोलंबसनंतर युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही, आणि पुढे स्पेन-इटलीत गरीब मकाखाऊ शेतकऱ्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी सोलवटायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची. १७३५ मध्ये स्पेनमधल्या एका डॉक्टरने त्याचं वर्णन केलं, पण कारण कळायला विसावं शतक उजाडलं. कोड कॉपी केला आणि डिपेन्डन्सी घ्यायला विसरले, असला प्रकार. आमच्या धंद्यात यावर सर्व्हर पडतो, तिथे माणसं पडली.

प्रमाण विचाराल तर किलोभर मक्याला दहा ग्रॅम कोरडा चुना. टपरीवरचा ओला असतो, म्हणून मी थोडा जास्त घेतला. (पेरणीचं बियाणं मात्र आणू नका, त्याला औषध लावलेलं असतं.) पाऊणएक तास उकळला. मका पिवळाधमक झाला आणि घरभर वास सुटला. आई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "तुझ्या आजीच्या पानाच्या डब्याचा वास येतोय." एवढंच.

सकाळी दाणे धुऊन मिक्सरमध्ये घातले आणि लाईट गेली. पोलादपूरला ऑगस्टमध्ये लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. मी हताश होऊन बसलो. आईने डाव्या हाताने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पाटा.

हा पाटा आमचा नाही, महाडच्या मामांचा आहे. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये पूर आला तेव्हा मामांच्या घरात पाणी शिरलं. फ्रिज, मिक्सर, वर्षाचा तांदूळ, मसाल्याच्या बरण्या, सगळं चिखलात गेलं. चिखल उपसताना हा पाटा सापडला. धुतला आणि झाला पहिल्यासारखा. मामी म्हणाल्या, आता मी कुठे वाटत बसणार, तुम्हीच न्या. मेक्सिकोत मका ज्याच्यावर वाटतात तो 'मेताते' म्हणजे हाच पाटा, फक्त त्याला पाय असतात. तोही ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचाच, आपल्या सह्याद्रीसारखा.

एवढं ज्ञान असूनही वाटता मला येत नव्हतं. दहा मिनिटांत खांदे भरून आले. "रेटू नकोस. अंग टाक पुढे. पाण्याचा हात लाव. एवढं पाणी नको रे!" दारातून सूचना सुरू झाल्या. प्लास्टर घातल्यापासून आई इतकं बोललीच नव्हती. तासाभरात गोळा तयार झाला. आता थापायचा कशावर? मी पोळपाट-लाटणं काढलं. आईने मान हलवली आणि बाबांना माळ्यावर चढवलं. माळ्यावरून पापडाचं मशीन खाली आलं. दोन लोखंडी तबकड्या आणि वर दांडा. दुधाच्या पिशव्या कापून त्याचं प्लास्टिक दोन्हीकडे लावलं, मध्ये लिंबाएवढा गोळा, दांडा दाबला. तोर्तिया! ह्यूस्टनच्या त्या मावशींकडेही अगदी असंच यंत्र होतं.

तव्यावर तिसरी तोर्तिया टम्म फुगली तेव्हा मी ओरडलोच. बाबा म्हणाले, "पुरी आहे की पापड, एकदा ठरव."

आत काय भरायचं? तिकडे घेवड्याच्या काळ्या बिया शिजवून, घोटून, चरबीत परततात. आपल्याकडे राजमा मिळतो, आणि तो मूळचा तिकडचाच. पण घरात वाल होते. मी म्हटलं, बिरडं करूया का, घोटून. आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "भिजत घाल. उद्या मोड येतील." वाल सोलायला बाबा आणि मी बसलो, पण आमच्या दुप्पट वेगाने आई एकटी सोलत होती, डाव्या हाताने. चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी टुण्णकन बाहेर. एका हाताने जमण्यासारखं स्वयंपाकघरातलं ते एकच काम होतं आणि ते तिने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. टोमॅटो, मिरच्या, कांदा तव्यावर काळे होईस्तोवर भाजले आणि पाट्यावर ओबडधोबड वाटले. याला तिकडे सालसा म्हणतात. आईने चाटून पाहिला आणि म्हणाली, "टोमॅटोची चटणी आहे. कूट घालायला विसरलास."

तसं पाहिलं तर त्या चटणीत मीठ आणि कांदा सोडला तर सगळंच पलीकडून आलेलं. टोमॅटो, मिरची, आणि ज्याचं कूट मी विसरलो ते शेंगदाणेसुद्धा. पोर्तुगीज येण्याआधी कोकणात यातलं काहीही नव्हतं. आमच्या दारातला पेरू आणि चिकूदेखील त्याच जहाजांचे प्रवासी, आणि 'चिकू' हे नाव तर मेक्सिकोतल्या आदिवासींच्या भाषेतून निघून इथवर आलेलं.

आता तो भात. इराणी लोक तांदूळ भिजवतात, भरपूर खारट पाण्यात उकळतात आणि दाण्याचा गाभा कच्चा असतानाच पाणी ओतून टाकतात. मग जाड बुडाच्या पातेल्यात तूप, त्यावर भाताचा डोंगर, झाकणाला फडकं गुंडाळून तासभर मंद आच. तळाशी सोनेरी, कडक थर धरतो. त्याला म्हणतात 'तहदीग'. दीग म्हणजे भांडं, आपली डेगची त्याच घरातली. पाहुण्याला आधी तो थर द्यायचा. माझ्या शेजाऱ्यांकडे त्यावरून चक्क भांडणं व्हायची.

मी हे सगळं आईला मोठ्या उत्साहात सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वेळलेला भात."

"हं?"

"कुकर येण्याआधी भात वेळायचोच आम्ही. पाणी काढायचं ते प्यायचं, आणि पातेलं निखाऱ्यावर ठेवायचं. खालची खरवड मिळावी म्हणून आम्ही भावंडं टपून बसायचो."

मी काढलेलं पाणी मोरीत ओतणार होतो. ते तिने थांबवलं आणि मीठ घालून बाबांना प्यायला दिलं. पहिला प्रयत्न घरच्या नव्या तांदळावर केला आणि त्याची खीर झाली. जुना तांदूळ घे, हे तिने आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या वेळी बासमती आणला. इराणात एक भात करतात, बाघाली पोलो. एक मोठ्या दाण्याचा वाल असतो, तो सोलून शेपूबरोबर भातात घालतात. सोललेला वाल, भात! आमच्याकडचा डाळिंबी भातच की हा. फक्त शेपू जास्तीचा. बाबा शेपूचे जन्माचे वैरी, पण खरवडीचा मोठा तुकडा त्यांनी शेपूसकट खाल्ला आणि नंतर तो आपल्या लक्षातच आला नाही असं सांगितलं. (एक प्रयोग पूर्ण फसला. इराणात झिरिश्क नावाची आंबट लाल फळं भातात घालतात, त्याऐवजी मी बरणीतली साखरेत घातलेली करवंदं घातली. प्रत्येक घासाला बिया. त्यावर जास्त लिहीत नाही.)

पोलादपूरहून महाड अठरा-वीस किलोमीटर, तिथून वर रायगड. त्याच रायगडाच्या राज्यासाठी शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला होता, कारभारात घुसलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. कारभाराचं ठीक आहे. पण स्वयंपाकघरात बेदाणा, जर्दाळू, पिस्ता, पुलाव तसेच राहिले. 'चवदार' हा शब्दच घ्या. चव आपली, 'दार' फारसी. आणि बाजारात जाताना चवदार तळ्यावरून जातो तेव्हा नुसती शब्दाची गंमत करून पुढे जाववत नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथे पाणी प्यायलं, आणि त्याबद्दल त्या लोकांना मार खावा लागला. मक्याला, मिरचीला या गावात यायला कोणी अडवलं नाही. माणसांना पाण्यापाशी अडवलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. बोटं हलत होती, पण मनगट वळत नव्हतं. डॉक्टरांनी चेंडू दाबायचा व्यायाम दिला. आईने तो केलाही. आणि एका सकाळी, मी कॉलवर असताना, ती गुपचूप उकड काढून भाकरी थापायला बसली. कॉल संपवून गेलो तेव्हा परातीत अर्धी थापलेली, एका बाजूने फाटलेली भाकरी होती, आणि ती मनगट दुसऱ्या हातात धरून नुसती बसली होती. चाळीस वर्षं रोज भाकरी थापणारी बाई. मी काही बोललो नाही. या वेळी तरी.

दुपारी मी पापडाचं मशीन पुसून तिच्या शेजारी ठेवलं आणि पुढच्या कॉलला जाऊन बसलो. स्टेटस अपडेट चालू होतं. मी म्यूटवर होतो. स्वयंपाकघरातून दांड्याचा 'कट्' असा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक.

आत गेलो तर ताटात तांदळाच्या छोट्या छोट्या, तळहाताएवढ्या पाच-सहा भाकऱ्या ओळीने मांडलेल्या. एकसारख्या गोल. तिच्या हातच्या भाकरीची कड कधीच अशी सरळ नसायची.

"ही काही भाकरी नाही," ती म्हणाली. डाव्या हाताने दांडा दाबत होती. "उभा काय राहिलास? तवा तापलाय, टाक. आणि बिरडं गरम कर."