चला, मुकुंदराजांच्या गावाला!

‘तू कुठली गं?’ पुण्यात आल्यापासून या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, ‘लातूरकडची.’ ‘बीड’ म्हटलं, की समोरचा थेट दुष्काळावर येतो ना! पण २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ऑफिसात पेढे आले आणि कुणीतरी विचारलं, ‘मराठीतला पहिला कवी कोण?’ मी बोलून गेले, ‘मुकुंदराज. आमच्या अंबाजोगाईचे!’ झालं, पितळ उघडं पडलं. वर ग्रुपची ट्रिप ठरवायचं कामही गळ्यात!

प्लॅन सोपा. शनिवारी रात्रीची बस, रविवार अख्खा अंबाजोगाईत, रात्री परतीची बस आणि सोमवारी डोळे चोळत ऑफिस. नऊ जण तयार झाले. त्यातल्या एका कोकणस्थाची तर योगेश्वरी ही कुलदेवता. लहानपणापासून दर्शनाला येतोय पठ्ठ्या, पण मुकुंदराजांची समाधी एकदाही पाहिलेली नाही!

देवीचं दर्शन घेऊन निघालो ते बालाघाटच्या डोंगरात. पावसाळ्यानंतरची हिरवीगार दरी आणि तिथे शांत समाधी. परंपरेनुसार ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८चा. ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा! शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं नाव असं समोर आलं, की जरा गप्पच व्हायला होतं.

तेवढ्यात एकाने मोबाइल पुढे केला. ‘अगं, काही अभ्यासक म्हणतात हे गाव वैनगंगेकाठचं अंभोरा!’ खरंय. मुकुंदराजांच्या काळाबद्दल आणि गावाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण मी इतकी तावातावाने भांडले, की माझंच मला हसू आलं. इतकी वर्षं गावाचं नाव लपवणारी मीच, आणि आज ते कुणाला द्यायला तयार नाही!

दुपारी दासोपंतांची समाधी. हे १६व्या-१७व्या शतकातले (१५५१–१६१५). त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. शिवाय त्यांनी कापडावर एक ग्रंथ लिहिला, तीच ती ‘पासोडी’. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद! ती बघायला मिळेल का, हे आधी विचारून ठेवायचं मी विसरले, त्यामुळे हुकली. सगळ्यांची तोंडं पडली. मग आम्ही हात पसरून, बोटाला बोट लावून ओळीत उभे राहिलो. चाळीस फुटांना सात जण लागले. ‘एवढं लिहिलं एका माणसाने?’ कोकणस्थ म्हणाला. ट्रिप वसूल!

तुम्ही जाणार असाल तर...
• पावसाळ्याच्या शेवटी जा. मार्गशीर्षात देवीचा उत्सव असतो, तेव्हा गर्दीची तयारी ठेवा.
• पासोडीची चौकशी निघण्याआधीच करा.
• परळी वैजनाथ जेमतेम २५ किलोमीटरवर आहे. मोह होईल, पण एका दिवसात सगळं कोंबू नका.
• ग्रुपमधल्या प्रत्येकाला एक विषय वाचून यायला सांगा. वाद झालेच पाहिजेत!

आणि हो, परवा लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलं, ‘तू कुठली?’ म्हटलं, ‘अंबाजोगाई. जिल्हा बीड.’