अ‍ॅमेझॉन व्हाया शिरड शहापूर

डिस्कस म्हणजे बड्या शहरातल्या बड्या फ्लॅटमधला मासा, असं वाटत होतं. मराठवाड्यातल्या एका गच्चीनं तो गैरसमज पार धुऊन काढला!

गेल्या वर्षी पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेमध्ये चार डिस्कस मेले. एकदम नाही, एकेक करून, तीन आठवड्यांत. आधी रंग काळपट पडायचा, मग खाणं सुटायचं, मग कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. ऑफिसातून घरी येताना लिफ्टमध्येच पोटात गोळा यायचा. शेवटचा गेला त्या रात्री मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "चार दिवस सुट्टी काढ अन् ये इकडं. माझे बघून जा."

"तुझे? शिरड शहापूरला?"

"का? आमच्याकडं पाणी नसतंय का?"

खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच आलं होतं.

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली, सकाळी वसमतला उतरले, पुढे लालपरी. मार्च संपत आलेला, खिडकीतून शिजवलेल्या हळदीचा वास. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे शेजारच्या काकांनी सीट मिळताच सांगून टाकलं. गावात भाविक येतात ते मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी. मल्लिनाथांचं चिन्ह कलश. पाण्याच्या गोष्टीसाठी आले होते, त्यामुळे ते जरा जास्तच लक्षात राहिलं.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याच्या बैठकीच्या खोलीत टीव्ही नाही, टँक आहे. चार फूट लांब, तीनशे लिटरचा. आत लाकडाच्या ओंडक्याला बांधलेलं अनुबियास, मागे अ‍ॅमेझॉन स्वोर्डची रुंद पानं आणि त्यांच्यामधून फिरणारे चार डिस्कस. जेवणाच्या ताटलीएवढे गोल, विटकरी अंगावर निळ्या रेघा. मी पाच मिनिटं बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"तू काय चुकलीस सांगू?" दादानं चहा पुढे केला. "टँक शंभर लिटरचा. पाणी सव्वीस डिग्री. झाडांना बरं, माशाला थंड. त्याला अठ्ठावीस ते तीस लागतं. म्हणून झाडंही उष्णता सोसणारीच घ्यायची. आणि हा कळपातला मासा, पाच-सहा तरी हवेत. चारात एक दादागिरी करतो, बाकीचे झुरतात."

उन्हाचं टेन्शन इथे उलटं आहे. हिवाळ्यात हीटर लागतो, उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर जाऊ नये म्हणून झटावं लागतं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. दादाचा फंडा सोपा. झाकण काढायचं आणि पाण्यावरून छोटा पंखा सोडायचा. बाष्पीभवनानं दोन-तीन डिग्री उतरतात. माठाचंच तत्त्व!

पण खरी मेख पाण्याचीच. डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी मऊ, आम्लधर्मी, क्षार जवळपास नाहीतच. आपल्या काळ्या पाषाणातून उपसलेलं बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरी पुटं धरतात, तेच. मोठा डिस्कस त्याला सरावतो, पण अंडी फुटायला मऊ पाणीच लागतं.

"मग आरओ?" मी विचारलं.

उत्तर दादाच्या आजीनं दिलं. त्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. "ते मशीन एक तांब्या देतंय अन् दोन-तीन तांबे फेकतंय. इथं माणसाला प्यायला नाही अन् तुम्ही माशाला आंघोळी घालू लागलात!"

खोलीत एकदम शांतता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आजी टँकरपुढे घागर घेऊन उभ्या असायच्या. त्यांच्यासमोर 'हॉबी' हा शब्द उच्चारायची माझी तरी हिंमत झाली नाही.

दादानं उत्तर दिलं नाही, मला गच्चीवर नेलं. तिथे हजार लिटरची काळी टाकी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर अकरा मिलिमीटर पाऊस पडला, की ती भरते. टँकचं पाणी आठवड्याला पन्नास लिटर बदलायचं. त्यात निम्मं पावसाचं, निम्मं बोअरचं. नुसतं पावसाचं वापरलं तर पीएच अचानक कोसळू शकतो. म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पस्तीस आठवड्यांना ८७५ लिटर पुरतात. बदललेलं पाणी खताचंच असतं. ते वाया जात नाही, आजी स्वतः कढीपत्त्याला आणि तुळशीला घालतात. "बोलणार, पण बादली सोडणार नाही," वहिनी हळूच म्हणाली.

पुण्यात मी शॉवर सुरू ठेवून फोन घेते. ते कोणाला सांगितलं नाही.

आतल्या खोलीत दुसरा छोटा टँक होता. झाडं नाहीत, फक्त उलटी ठेवलेली मातीची कुंडी आणि एक जोडी. जवळ गेले तर दोघांच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे जीव चिकटलेले! डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापाच्या अंगावर सुटणारा चिकट स्राव खाऊन वाढतात. आई दमली की अंगाला झटका देते, पिल्लं झुंडीनं बापाकडे जातात.

"याआधी तीनदा अंडी वाया गेली," दादा म्हणाला. "या वेळी इथं निव्वळ पावसाचंच वापरलंय, रोज पीएच बघत."

रात्री साडेअकराला लाइट गेली. फिल्टर बंद. दादानं बॅटरीचा एअर पंप लावला आणि आम्ही बॅटरीच्या उजेडात बुडबुडे बघत बसलो. थोड्या वेळानं आजी काठी टेकत आल्या. काचेपाशी वाकून म्हणाल्या, "पिल्लं हायत का?" पहाटे तीनला लाइट आली, तोवर त्या तिथेच खुर्चीत.

जूनमध्ये पुण्यात पहिला पाऊस आला तेव्हा मी बाल्कनीत ड्रम ठेवून फोन लावला.

"पहिल्या पावसाचं घेऊ नको," दादा ओरडला. "आधी छत धुऊन निघू दे!"

मी ड्रम उपडा करून ठेवला.

डिस्कस आणताय?
• टँक किमान दोनशे लिटरचा, मासे पाच-सहा.
• आधी रिकामा टँक महिनाभर चालवा, मासे नंतर.
• झाडं: अनुबियास, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड. सोबतीला कार्डिनल टेट्रा.
• काढलेलं पाणी कुंड्यांना. गटारात नाही!