घोट घशाखाली उतरताना

श्रावण लागला की आमच्या आष्टीत ‘नागोबा खरेच दूध पितो का’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. यंदा एका आजोबांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. त्यांचा पुण्यातील नातू बॉल पायथन ही परदेशी जातीची सापाची मादी पाळतो. तिला छातीचा संसर्ग झाला असून पशुवैद्यकांनी तोंडावाटे औषध द्यायला सांगितले आहे. ‘माणूस तोंड उघडतो. सापाला औषध पाजायचे कसे?’

मी माणसांचा डॉक्टर. परंतु प्रश्नाने मला खिळवले आणि पशुवैद्यक मित्रांकडून मी तो विषय समजून घेतला.

सापाच्या खालच्या जबड्यात, जिभेच्या अगदी मागे, श्वासनलिकेचे तोंड असते. मोठे भक्ष्य गिळतानाही श्वास चालू राहावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पण औषध पाजताना तीच धोक्याची ठरते. जिभेजवळ घाईने ओतलेले द्रव थेट फुप्फुसात उतरू शकते. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे जोरात खोकून ते बाहेर टाकणे त्याला जमत नाही. नागपंचमीला तहानलेल्या नागाच्या तोंडात दूध ओतणे याच कारणाने घातक असते. दूध हे सापाचे अन्नच नव्हे.

म्हणून जाणते लोक आधी सारी तयारी करतात आणि मगच सापाला हात लावतात. सापाच्या वजनानुसार ठरलेली मात्रा सिरिंजमध्ये भरून ठेवायची. खोली शांत, मंद उजेडाची आणि उबदार हवी. सापाच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते आणि गारठ्यात औषधाचे कामही मंदावते. एकाने संपूर्ण अंगाला खालून आधार द्यायचा, डोके हलक्या हाताने धरायचे, मान आवळायची नाही. दुसऱ्याने मऊ, चपट्या साधनाने जबडा अलगद उघडून ओली केलेली मऊ नळी श्वासनलिकेच्या तोंडाला वळसा घालून अन्ननलिकेत सरकवायची आणि औषध सावकाश सोडायचे. नळी किती आत घालायची, याची खूण पशुवैद्यक करून देतात. पहिल्यांदा त्यांच्यासमोरच शिकावे. नंतर डोके काही क्षण उंच ठेवून सापाला त्याच्या पेटीत सोडायचे आणि पुन्हा छेडायचे नाही.

साप खात असेल तर याहून सोपा मार्ग आहे: मेलेल्या उंदरात औषध भरून तोच खाऊ घालायचा. काही औषधे इंजेक्शनने देता येतात. सेफ्टाझिडीमसारखे प्रतिजैविक सापाला साधारण ७२ तासांतून एकदाच द्यावे लागते, म्हणजे हाताळणीचा ताणही कमी. जबरदस्ती हा नेहमी शेवटचा पर्याय असावा.

हे सारे ऐकताना मला आपल्या घरांतील अंथरुणाला खिळलेली माणसे आठवत राहिली. अर्धांगवायू, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे गिळणे मंदावते, खोकल्याची ताकदही घटते. आडवे असतानाच मान मागे करून, नाक दाबून औषध ओतले की ते श्वासनलिकेत जाते. कधी ठसकाही लागत नाही आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो.

त्यांच्यासाठीही रीत तीच. रुग्ण पूर्ण जागा असेल तेव्हाच औषध द्यावे. पाठीला आधार देऊन सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी. एका वेळी एकच गोळी, छोटा घोट. तो उतरल्याची खात्री करूनच पुढचा. नंतर अर्धा तास बसवून ठेवावे. गोळी जात नसेल तर विचारल्याशिवाय कुटू नये. ‘एसआर’, ‘एक्सआर’ अशी अक्षरे असलेल्या किंवा विशिष्ट आवरणाच्या गोळ्या कुटल्यास औषध एकदम अंगात उतरते किंवा वाया जाते. डॉक्टरांना पातळ औषध वा विरघळणारी गोळी मागावी. पाणी पिताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओलसर येणे, छातीत सारखा कफ होणे ही लक्षणे दिसली तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

एक सूचना आवश्यक आहे. आपल्याकडील नाग, धामण, अजगर घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. परवानगी असलेल्या परदेशी जातींचीही शासनाकडे नोंदणी लागते. शेतात जखमी साप दिसला तर त्याला काही पाजू नका, हातही लावू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. शेजारच्या शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे सर्पराज्ञी हे वन्यजीवांची शुश्रूषा करणारे केंद्र आहे.

आजारी जीव औषध नाकारतो तेव्हा बहुधा तो हट्ट करत नसतो. त्याला भीती वाटत असते, किंवा गिळता येत नसते. दोन्हींवर पहिला उपाय एकच: आपण आपला वेग कमी करणे.